मयत, आरोपी आणि साक्षीदार

मध्ययुगातल्या ऑक्सफर्डमध्ये एखाद्या गुप्तहेराने दुकान थाटलं असतं, तर महिन्याभरात त्याला गाशा गुंडाळावा लागला असता. खून पडत नव्हते असं नाही. खून पोटभर होते; टंचाई होती ती रहस्याची.

कादंबऱ्यांतलं जग वेगळं. इयन मॉर्सनने विल्यम फाल्कनर नावाचा एक मास्तर तेराव्या शतकातल्या ऑक्सफर्डमध्ये बसवला आहे, आणि तो ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राने खुनी हुडकतो. सुझॅना ग्रेगरीचा मॅथ्यू बार्थोलोम्यू हा वैद्य चौदाव्या शतकातल्या केंब्रिजमध्ये तोच उद्योग करतो. उंबेर्तो एकोचा विल्यम ऑफ बास्करव्हिल खून उलगडतो इटलीतल्या मठात, पण अक्कल घेऊन आलेला असतो ऑक्सफर्डच्या रॉजर बेकनकडून. ही पुस्तकं मी ताटातलं जेवण गार होईपर्यंत वाचली आहेत आणि पुढेही वाचीन. मात्र त्या काळच्या ऑक्सफर्डच्या कोरोनरने लिहून ठेवलेल्या नोंदी वाचायला घेतल्या, की या सगळ्या हुशार मंडळींची दया येते. तिथे खुन्याचं नाव चौथ्या-पाचव्या ओळीतच असतं.

कोरोनर हे पद इंग्लंडमध्ये ११९४ सालचं. आपल्यालाही ते अगदीच परकं नाही. मुंबईत १९९९ पर्यंत कोरोनर होता. तर कायदा असा, की प्रेत ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने बोंब ठोकायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हातातलं काम टाकून धावत यायचं. प्रेत हलवायचं नाही. मग कोरोनरसाहेब येणार, आसपासच्या चार पॅरिशमधून, म्हणजे चर्चच्या हद्दींतून, पंच गोळा करणार, जखमेची लांबी-रुंदी-खोली इंचांत मोजणार. हत्याराची किंमत ठरणार, पळालेल्या आरोपीच्या चीजवस्तूंची किंमत ठरणार, कारण हे सगळं राजाच्या खजिन्यात जमा व्हायचं. राजाला न्यायाची चाड होती, हिशेबाची जरा अधिक. एवढं झाल्यावर पंचांना विचारायचं. आणि पंच त्याच गल्लीत राहणारे असल्यामुळे ते फार वेळ घेत नसत.

"कोणी मारलं?"

"त्या कोपऱ्यावरच्या घरात राहणाऱ्या पोरांनी."

"कशावरून?"

"ते त्यांनाही आठवत नसेल, साहेब."

"कुठे आहेत?"

"पळाले."

"मालमत्ता?"

"काही नाही."

झाला पंचनामा! संवाद माझा, पण मासला तोच. यात गुप्तहेराने करायचं काय? फार तर शेवटच्या उत्तराबद्दल संशय घ्यायचा.

चक्रावून टाकणारी गोष्ट दुसरीच आहे. मयताच्या नावापुढे लिहिलेलं असतं 'क्लेरिकस'. आरोपीच्या नावापुढे 'क्लेरिकस'. सोडवायला मध्ये पडला आणि दंडावर वार घेऊन घरी गेला, तोही बहुतेक क्लेरिकसच. केंब्रिजच्या मॅन्युएल आइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी घेऊन २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या चौदाव्या शतकातल्या खुनांचा नकाशा काढला. ज्यांची ओळख पटली त्या मारेकऱ्यांपैकी ७५ टक्के आणि मेलेल्यांपैकी ७२ टक्के क्लेरिकस निघाले. खुनांचं प्रमाण लाखाला ६० ते ७५ पडलं. त्याच काळातल्या लंडनच्या आणि यॉर्कच्या चार-पाच पट. आजच्या इंग्लंडमध्ये ते लाखाला एकाच्या आसपास असतं. म्हणजे देशातली सगळ्यात विद्वान वस्ती हीच सगळ्यात रक्तबंबाळ वस्ती होती. तेव्हा खुनी शोधणं सोडून देऊन या क्लेरिकसचीच ओळख करून घेतलेली बरी.

क्लेरिकस म्हणजे विद्यार्थी किंवा नुकताच शिकून उठलेला पोरगा. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो ऑक्सफर्डला येतो. टाळूवर हजामत करून गोल चकती काढलेली असते: मी देवाघरचा माणूस. कंबरेला पाव कापायचा सुरा असतो: मी परगावचा माणूस. पाव रोज मिळतो असं नाही. सुरा रोज असतो. गावाची वस्ती सात हजार, त्यांत हे दीड हजार, आणि सगळे पुरुष. आई, आत्या, मावशी, थोरली बहीण, म्हणजे ज्यांच्यासमोर आवाज आपोआप खाली येतो ती सगळी माणसं स्वारी शंभर मैल मागे ठेवून आलेली असते. पुढ्यात येतात ते समवयस्क, बिअर आणि ॲरिस्टॉटल.

राहायला 'हॉल' नावाचं भाड्याचं घर. देखरेखीला एक मास्तर, तोही पंचविशीतला. ज्यांना मास्तरही नको असे काही परस्पर गावकऱ्यांच्या घरी खोली घेऊन राहत, आणि गावातल्या बहुतेक भानगडींत विद्यापीठाला पहिला संशय त्यांचाच येई. घरमालकाशी क्लेरिकसचं वैर कायमचं. ते इतकं कायमचं की भाडं किती असावं हे ठरवायला मास्तर आणि नगरवासी यांची संयुक्त समिती नेमावी लागली. आपल्याकडे हॉस्टेल नसलेल्या कॉलेजच्या गावात ज्यांनी पोरांना खोल्या दिल्या आहेत, त्यांना ही समिती किती वर्षं अखंड बसत असेल याची कल्पना येईल.

पैसे नसणं ही त्याची मूळ प्रकृती. वडिलांकडे पैसे मागण्याच्या पत्रांचे नमुने तेव्हा ठरलेले असत, आणि पत्रलेखन शिकवणारे मास्तर ते घोटून घेत. चौदाव्या शतकात टॉमस सॅम्पसन नावाचे गृहस्थ ऑक्सफर्डमध्ये हीच विद्या विकून पोट भरत होते. पत्राचा घाट सगळीकडे एकच. आधी देवकृपेने प्रकृती उत्तम. मग अभ्यास जोरात. मग शहर महाग, खोलीचं भाडं, पुस्तकं, आणि काही किरकोळ गोष्टी ज्यांची नावं पत्रात येत नाहीत. शेवटी वडिलांच्या औदार्याला लॅटिनमध्ये वंदन. बाप शेतकरी असेल तर तो हे पत्र गावच्या पाद्र्याकडून वाचून घेणार, आणि पाद्री स्वतः कधीकाळी ऑक्सफर्डला राहिलेला असेल तर वाचताना त्याला ओळखीचं हसू येणार.

शिक्षणाबद्दल तक्रारीला जागा नाही. व्याकरण, तर्क, वक्तृत्व. सकाळी उजाडताच व्याख्यान. आणि सगळ्याचा कळस म्हणजे वादसभा. एकाने प्रमेय मांडायचं, दुसऱ्याने ते खोडायचं, तिसऱ्याने दोघांच्या चुका काढायच्या. सात-आठ वर्षं माणसाला दुसऱ्याचं म्हणणं खोडण्याशिवाय काहीही करू दिलं नाही, तर तो संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात जाऊन काय करेल? उत्तरेकडचे सगळे लबाड; तू उत्तरेकडचा; तस्मात् तू लबाड. विधान बिनतोड आहे. ते खोडायला प्रतिपक्ष उठतो तो हातात स्टूल घेऊनच.

उत्तर-दक्षिण हे प्रकरण मी गमतीने काढलेलं नाही. विद्यापीठात अधिकृतपणे दोन तट होते, उत्तरेचा आणि दक्षिणेचा. वेल्श आणि आयरिश दक्षिणेत मोजायचे, स्कॉटिश उत्तरेत. शिस्त राखायला दोन प्रॉक्टर, ते एकेका तटाचे. १२५२ मध्ये उत्तरेकडच्या आणि आयर्लंडच्या विद्यार्थ्यांत रीतसर तह झाला, दोन राजांत व्हावा तसा. १२७४ मध्ये तट संपले असं कागदावर ठरलं. १३०३ मध्ये हाय स्ट्रीटवर चेंडू खेळणाऱ्या ॲडम ऑफ सेरम नावाच्या विद्यार्थ्यावर तीन आयरिश विद्यार्थ्यांनी हल्ला केला आणि त्याचा चेहरा आणि गळा चिरून टाकला. त्याआधी, १२९८ मध्ये, हाय स्ट्रीटवरच्याच गुत्त्यात सुरू झालेली विद्यार्थ्यांची बाचाबाची तलवारी आणि परशूंसकट रस्त्यावर आली, आणि कोरोनरला जॉन ब्युरेल या विद्यार्थ्याच्या डोक्यावर सहा इंच लांबीची, मेंदूपर्यंत गेलेली जखम मोजावी लागली. चकती काढलेली तीच जागा.

परशू विद्यापीठात आला कसा, असा प्रश्न पडेल. शस्त्र बाळगायला बंदी होती. पण विद्यापीठाला आपली पोरं माहीत होती, म्हणून बंदीबरोबर दरपत्रकही होतं. १४३२ चा नियम पाहा. नुसती धमकी, १२ पेन्स दंड. शस्त्र घेऊन हिंडणं, २ शिलिंग. शस्त्र उपसणं, खांद्याने ढकलणं किंवा ठोसा मारणं, ४ शिलिंग. दगडाने किंवा सोट्याने मारलं तर ६ शिलिंग ८ पेन्स. सुरा, खंजीर, तलवार किंवा परशू चालवला तर १० शिलिंग. धनुष्य घेऊन इजा करण्याच्या हेतूने बाण सोडला तर २० शिलिंग. साध्या मजुराला दिवसाकाठी चार पेन्सच्या आसपास मिळत, म्हणजे नुसत्या धमकीला तीन दिवसांची मजुरी जात होती. हे दरपत्रक ज्याने तयार केलं त्या कारकुनाला माझा नमस्कार. ठोसा आणि तलवार उपसणं एकाच भावात बसवताना त्याने कोणकोणती प्रकरणं आठवली असतील!

आता गिल्बर्ट डी फॉक्सलीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण त्याच्यात क्लेरिकस पूर्ण उतरला आहे.

१३०६ चा जून. सेंट जॉनच्या सणाची आदली रात्र. ऑक्सफर्डचे शिंपी आपापल्या दुकानांत जागरणाला बसले होते. सारंग्या, तंतुवाद्यं, गाणी. मध्यरात्र उलटली, रस्त्यावर चिटपाखरू नाही असं पाहून ते बाहेर आले आणि हाय स्ट्रीटवर फेर धरून नाचायला लागले. वर्षभर दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या माणसांनी एका रात्री कोणाला त्रास न देता नाचावं, यापेक्षा निरुपद्रवी गोष्ट मला सुचत नाही. तेवढ्यात गिल्बर्ट आला. हातात नागवी तलवार. त्याचं शिंप्यांशी भांडण होतं असं नोंदीत नाही. त्याला फक्त तो फेर मोडायचा होता.

फेरातल्या काही जणांची त्याच्याशी ओळख होती. त्यांनी त्याला बाजूला घेतलं, समजावलं, कोणाला इजा करू नकोस म्हणून विनवलं. त्याने ऐकलं नाही. उलट त्यांच्या हातून निसटून पुन्हा आला! या वेळी विल्यम डी क्लेडन नावाच्या नाचणाऱ्याचा हातच छाटायला गेला. क्लेडन वेळीच मागे सरला म्हणून वाचला. त्यानंतर फेर मोडला, पण गिल्बर्टच्या कल्पनेप्रमाणे नव्हे. एकाने तलवारीने त्याच्या उजव्या हातावर वार केला, दुसऱ्याने पाठीत खंजीर खुपसला, तिसऱ्याने डोक्यावर हाणून त्याला खाली पाडलं आणि वर गुडघ्याजवळ परशूचा घाव बसला. या शेवटच्या जखमेने तो आठ आठवड्यांहून अधिक काळ अंथरुणावर पडला आणि मग गेला. चर्चचे सगळे संस्कार मिळाले, असं नोंदीत आवर्जून लिहिलं आहे.

यात कारण शोधणाऱ्यांची मला गंमत वाटते. कोणी म्हणेल नगरवासी आणि विद्यापीठ यांतला संघर्ष, कोणी म्हणेल वर्ग, कोणी दारू. असेल सगळंच. पण जो मुलगा दुसऱ्यांचा नाच बघून वैतागतो, समजावलं तरी ऐकत नाही आणि पाच मिनिटांनी पुन्हा येतो, तो मुलगा कोणी पाहिला नाही? आपल्या नशिबाने त्याच्या हातात तलवार नसते. त्याच्याकडे मोटारसायकल असते.

बरं, क्लेरिकस नेहमीच विनाकारण मारतो असंही नाही. कधीकधी त्याला कारण मिळतं, आणि मग तो अधिकच धोकादायक होतो. १२३८ मध्ये पोपचा वकील, कार्डिनल ओटो, ऑक्सफर्डजवळच्या ऑझ्नी मठात उतरला होता. बखरकार मॅथ्यू पॅरिसने ही हकिकत मन लावून सांगितली आहे. विद्यार्थी भेटी आणि खाद्यपेयं घेऊन दर्शनाला गेले. इटालियन द्वारपालाने त्यांना उद्धटपणे हाकललं. ते दार लोटून आत शिरले. धक्काबुक्की चालू असताना एक गरीब आयरिश पाद्री मुदपाकखान्याच्या दाराशी काही खायला मिळेल का बघत उभा होता. आतल्या मुख्य आचाऱ्याने त्याच्या तोंडावर उकळता रस्सा फेकला. हा आचारी साधासुधा नव्हता. कार्डिनलचा सख्खा भाऊ होता. अन्नात कोणी विष घालू नये म्हणून कार्डिनलने घरचाच माणूस चुलीवर बसवला होता. विषाची सगळी काळजी घेतली, धनुष्यबाणाची राहिली. एका वेल्श विद्यार्थ्याने ते पाहिलं आणि बाण सोडला. आचारी जागीच गेला.

कार्डिनल धावत चर्चच्या मनोऱ्यात शिरला आणि कडी लावून बसला. खाली पोरं त्याला लुटारू, सावकार अशी नावं घेत शोधत होती. रात्र पडल्यावर तो घोड्यावरून नदी ओलांडून राजाकडे पळाला. पुढे विद्यापीठाला प्रायश्चित्त मिळालं: लंडनला सेंट पॉलपासून कार्डिनलच्या मुक्कामापर्यंत अनवाणी चालत जाऊन क्षमा मागायची. माझ्यापुरतं विचाराल तर मी रस्सा फेकणाऱ्याच्या बाजूने नाही.

या सगळ्यातून क्लेरिकस सुटतो कसा? डोक्यावरच्या चकतीमुळे. ११७० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याचा राजाच्याच सरदारांकडून खून झाला, आणि त्याची भरपाई म्हणून राजाला चर्चच्या माणसांवरचा हात आवरावा लागला. तेव्हापासून क्लेरिकसने खून केला तरी राजाचा न्यायाधीश त्याला फाशी देऊ शकत नव्हता. बिशपच्या हवाली करावं लागे. ऑक्सफर्डचा बिशप बसायचा दूर लिंकनला. तिथे आरोपीने मी निर्दोष आहे अशी शपथ घ्यायची, आणि आणखी बारा जणांनी शपथ घ्यायची की याच्या शपथेवर आमचा विश्वास आहे. बारा मित्र असलेल्या माणसाला अवघड काय आहे? विद्यापीठाचं स्वतःचं मोठ्यात मोठं शस्त्र म्हणजे तडीपारी. इतकं संरक्षण असूनही नोंदींत आरोपी पळतोच, याचं कारण सरळ आहे: बिशप दूर, शिंपी जवळ.

या विनोदाला एक जागा अशी येते की तिथे तो थांबतो. १२९९ मध्ये मार्जरी ऑफ हेरफर्ड नावाच्या वेश्येने एका क्लेरिकसकडे आपले पैसे मागितले आणि त्याने तिला भोसकलं. तो पळाला. आपापसातल्या मारामाऱ्यांत निदान दोन्ही बाजूंच्या हातांत सुरे असत.

आणि १२०९ ची ती बाई, जिचं नावसुद्धा बखरीत नाही. रॉजर ऑफ वेंडोव्हर लिहितो की एका विद्यार्थ्याच्या हातून, चुकून, तिचा खून झाला. तो अर्थातच पळाला. या वेळी गाव बिशपची वाट बघत बसलं नाही. नगराध्यक्ष माणसं घेऊन त्याच्या बिऱ्हाडावर गेला, तिथे त्याचे भाडेकरू साथीदार सापडले, त्यांना धरलं आणि जॉन राजाच्या संमतीने गावाबाहेर नेऊन फाशी दिलं. त्या बिचाऱ्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी खोलीचं भाडं वाटून घेतलं होतं. मास्तर आणि विद्यार्थी संतापून ऑक्सफर्ड सोडून गेले. त्यांतले काही जण दलदलीच्या कडेला असलेल्या एका व्यापारी गावात जाऊन राहिले. ते गाव केंब्रिज. त्या विद्यापीठाचं स्थापनावर्ष विचारा, १२०९ सांगतात. याच केंब्रिजने आठशे वर्षांनी ऑक्सफर्डचे खून मोजायला घ्यावेत, यात मला घराण्याचं ऋण फेडण्याची भावना दिसते.

१२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने निवाडा केला. फाशी देणाऱ्या गावाने दहा वर्षं विद्यार्थ्यांचं भाडं निम्मं करायचं, दरवर्षी ५२ शिलिंग गरीब विद्यार्थ्यांसाठी द्यायचे, आणि सेंट निकोलसच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांना पाव, बिअर, पेज आणि मासळीचा किंवा मटणाचा एक पदार्थ असं जेवण घालायचं. मेलेल्या बाईच्या घरच्यांसाठी निवाड्यात पदार्थ नव्हता.

भांडणानंतर गावाने भरपाई द्यायची, हा पायंडा पडला. १० फेब्रुवारी १३५५, सेंट स्कोलॅस्टिकाचा दिवस. चौकातल्या स्विंडलस्टॉक गुत्त्यात वॉल्टर स्प्रिंगहूज आणि रॉजर डी चेस्टरफील्ड यांना दारू पसंत पडली नाही. गुत्तेवाला उलट बोलला, तेव्हा त्यांनी पेला त्याच्या तोंडावर रिकामा केला आणि भांडं डोक्यात घातलं. गावाने सेंट मार्टिनची घंटा वाजवली, विद्यापीठाने सेंट मेरीची. तीन दिवस कत्तल चालली. आसपासच्या खेड्यांतून लोक धनुष्यं घेऊन गावाच्या मदतीला आले. परंपरेने आकडा सांगतात तो ६३ विद्यार्थी आणि तीसेक गावकरी. आणि ज्यांच्यापासून सुरुवात झाली ते दोघे कोवळी पोरं नव्हती बरं का. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या पॅरिशचं उत्पन्न खाणारे पाद्री होते ते. म्हणजे वय वाढून हा स्वभाव उतरतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी जपून राहावं.

राजा तिसरा एडवर्ड विद्यापीठाच्या बाजूने उभा राहिला. पाव-बिअरच्या भावापासून वजनमापांपर्यंत गावाचा कारभार विद्यापीठाच्या हाती गेला, आणि नगराध्यक्षाने दरवर्षी त्या दिवशी साठ नागरिकांसह सेंट मेरीत जाऊन मेलेल्या दर विद्यार्थ्यामागे एक पेनी याप्रमाणे ६३ पेन्स भरायचे असं ठरलं. ते १८२५ पर्यंत भरले जात होते. त्या वर्षी नगराध्यक्षाने नाही म्हटलं. समेटाचा समारंभ व्हायला १९५५ उजाडलं. गुत्त्याच्या जागी आता बँक आहे. भिंतीवर पाटी आहे.

क्लेरिकसचं पुढे काय होतं? मेला नाही आणि तडीपार झाला नाही, तर चांगलं होतं. चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये त्याला दोनदा उभा केलाय: एकदा स्वतःइतक्याच हडकुळ्या घोड्यावर बसलेला, पैसे मिळाले की पुस्तकांवर उधळणारा अभ्यासू, आणि एकदा सुताराच्या घरात भाड्याने राहून त्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा निकोलस. हे दोन वेगळे विद्यार्थी आहेत असं समीक्षक धरून चालतात. मला ते एकाच पोराचे सोमवार आणि शनिवार वाटतात. यथावकाश तो एम.ए. होतो, राजाच्या कचेरीत किंवा बिशपच्या दप्तरात लागतो, एखादी पॅरिश मिळवतो आणि रविवारी शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणून सांगतो. मागचं सगळं त्याने माफ केलेलं असतं, स्वतःचं तर कधीच.

एक माणूस मात्र माफ करायचा नाही. एम.ए. होताना शपथच असायची: हेन्री सिमिऑनिस याच्याशी समेट करायला मी कधीही संमती देणार नाही. या हेन्रीने, ऑक्सफर्डच्या एका श्रीमंत नगरवाशाने, आणखी काही जणांसोबत एका विद्यार्थ्याचा खून केला होता, आणि १२४२ मध्ये राजाने त्या सगळ्यांना मिळून ८० पौंड दंड केला होता. १२६४ मध्ये राजाने त्याला माफ करून विद्यापीठाला कळवलं, की याला गावात सुखाने राहू द्या. विद्यापीठाने पत्र वाचलं आणि शपथ नियमांत घातली. हेन्री मेला. त्याला ओळखणारे मेले. सतराव्या शतकाच्या मध्यावर शपथ काढून टाकायची सूचना आली, ती फेटाळली गेली. शेकडो वर्षं इंग्लंडातले हुशार तरुण लॅटिनमध्ये कोण कुठल्या माणसाशी वैर धरत राहिले. १८२७ मध्ये शपथ रद्द झाली, तेव्हा ती का होती हे विद्यापीठात कोणालाही ठाऊक नव्हतं. हा हेन्री कोण, ते विद्यापीठाच्या दप्तराचे रखवालदार रेजिनाल्ड पूल यांनी १९१२ मध्ये जुने कागद चाळून शोधून काढलं. तोवर त्याला माफ करायची परवानगी मिळून ८५ वर्षं झाली होती.